रथसप्तमी सगळ्यांनी मिळून – रविवार, २५ जानेवारी २०२६

मंडळी नमस्कार, मँचेस्टरला सध्या सकाळी आठपर्यंत नीट उजाडत नाही आणि साडेचारच्या सुमारास परत दिवे लावावे लागतात, मधला उजेड पण ढगातलाच, पोरं टॅब घेऊन बसतात नि आपण हीटरजवळ, म्हणून यंदा सूर्याचा हा सण घरोघरी वेगळा न करता एकत्र करतोय. दुपारी १ ते ४, आपला नेहमीचाच हॉल.

- पाच वर्षांखालच्या पिल्लांचं बोरन्हाण दीडला. काळे कपडे, हलव्याचे दागिने असतील तर घाला, नसतील तरी या. लुटायला चुरमुरे आणि छोटी बिस्किटं. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या प्लीज आणू नका, लहानग्यांच्या घशात अडकतात.
- दूध ऊतू घालायचंय पण गोवऱ्या हॉलमध्ये नाही चालणार, फायर अलार्म वाजतो. किचनमधल्या शेगडीवर मातीच्या बोळक्यात घालू, कोणाकडे असेल तर कळवा.
- मोठ्या पोरांनी खडूने जमिनीवर सात घोड्यांचा रथ काढायचा. आजी-आजोबा सुट्टीला आलेत त्यांना नक्की आणा, घोडे कसे काढायचे ते त्यांनाच छान येतं, आणि मग पत्ते पण होतील.
- जेवण प्रत्येकाने एक पदार्थ. गुळपोळ्या कोण करतंय?

बोरन्हाणाची नावं गुरुवारपर्यंत इथेच टाका. हॉल ४ ला रिकामा करून द्यायचाय, तर साडेतीनला आवरायला थांबणाऱ्यांनीही सांगून ठेवा.