गुणायचं कधी आणि मिळवायचं कधी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचून फोनच करणार होतो, पण हे आकडे मांडूनच सांगायला हवं म्हणून लिहायला बसलो. एखादी गोष्ट किती प्रकारे होऊ शकते ते मोजताना लेकीने विचारलं "बाबा, गुणायचंच का, मिळवायचं का नाही" आणि तू तिला सांगितलंस सूत्र पाठ कर. हे मला अजिबात पटलं नाही रे, केवढा खरा प्रश्न आहे तिचा!

आधी तिला नाणं आणि फासा दे, दोन्ही टाकले तर किती प्रकारे पडतील ते विचार. छापा पडला तर फाशाचे 6 प्रकार, काटा पडला तरी 6, म्हणजे 6 + 6, बेरीजच झाली की. सारखाच आकडा पुन्हा पुन्हा मिळवायचा म्हणून 2 × 6 = 12, बस एवढंच, गुणाकार तिथूनच येतो. झाडासारखी आकृती काढू दे तिला, प्रत्येक फांदीला सारख्याच डहाळ्या फुटल्या तरच गुणायचं. डहाळ्या त्याच असायची गरज नाही, फक्त मोजून सारख्या हव्यात. लीलावती या गणिताच्या ग्रंथात (1150) भास्कराचार्यांनी शंकराच्या 10 हातांत 10 शस्त्रं किती प्रकारे देता येतील ते विचारलंय, पहिल्या हाताला 10, पुढच्याला 9, मग 8, असं करत 36,28,800. कुठलं शस्त्र आधी गेलं याने फरक पडत नाही, उरतात तेवढीच.

आता तिचं अडलेलं गणित, तीन अंकी सम संख्या किती, अंक सगळे वेगळे. ती शतकापासून निघाली म्हणून फसली, कारण शेवटी एककाला किती सम अंक उरतात ते आधी काय वापरलं त्यावर ठरतं, कधी 5 कधी 4 कधी 3. जिथे अट जास्त कडक तिथून सुरू करायचं, म्हणजे एककापासून. तिथे 0 असेल तर शतकाला 9 आणि दशकाला 8 अंक उरतात, 9 × 8 = 72. आणि 2, 4, 6, 8 पैकी काही असेल तर शतकाला 0 चालत नाही, म्हणून एककाला 4, शतकाला 8, दशकाला 8, 4 × 8 × 8 = 256. या दोन वेगळ्या वाटा, "हे किंवा ते", म्हणून इथे मिळवायचं, 328. पडताळा पण घे, एकूण 9 × 9 × 8 = 648, त्यातल्या विषम 5 × 8 × 8 = 320, उरल्या 328. हा पडताळा मला फार आवडतो, तिला तो स्वतः करू दे.

मग विचार, यातल्या 500 पेक्षा मोठ्या किती? उत्तर 184 आहे, पण आधी सांगू नकोस हां, आणि तिने कशा वाटा पाडल्या त्याचा फोटो पाठव.

तुझाच,
जुना बाकमित्र