ब्रिजवरचा ताळा कोण घेतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमधून मी निवृत्त झालो. तिथे छपाईच्या टप्प्याटप्प्याला कागद मोजतात, खराब निघालेल्याचाही हिशेब लागतो. त्यामुळे एका ब्लॉकचेनवरून (म्हणजे व्यवहारांच्या सामायिक संगणकीय वहीवरून) दुसरीवर क्रिप्टो, म्हणजे आभासी नाणी, नेणारे ‘ब्रिज’ कसे चालतात हे भाच्याने समजावलं, तेव्हा मला धक्काच बसला.

नाणं प्रत्यक्षात कुठे जात नाही. बहुतेक ब्रिजवर ते अलीकडच्या चेनवर कुलूपबंद होतं आणि पलीकडच्या चेनवर तेवढीच प्रतिरूप नाणी निघतात. सगळी भिस्त जमा तपासणाऱ्यावर. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल ब्रिजच्या सही-तपासणीतली चूक हेरून चोराने काहीही जमा न करता इथर या इथेरियम चेनच्या नाण्याची १,२०,००० प्रतिरूपं काढली. हे तर कागद न घेता नोटा छापण्यासारखं झालं! पुढच्याच महिन्यात रोनिन ब्रिजवरचे व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊपैकी पाच डिजिटल किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त गेले. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा सहा दिवसांनी चोरी कळली. ब्लॉकचेनवर दोन्हीकडचे आकडे सगळ्यांना दिसतात, ताळा यंत्रही घेऊ शकतं. तरी सहा दिवस कोणी पाहिलं नाही, याचा मला राग येतो.

चोरी सोडा, साधा वापरही अवघड आहे. जेल रोडवरचा आमच्या ओळखीचा एक मुलगा परदेशी कामाचे पैसे यूएसडीटीत, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेल्या क्रिप्टोत, घेतो. त्याने ते दुसऱ्या चेनवर नेले. पोहोचले, पण तिथून हलवायचं शुल्क त्या चेनच्या स्वतःच्या नाण्यात भरावं लागतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. पाठवण्याआधी स्क्रीनवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. इथेरियम आणि बीएनबी या दोन चेनवरचे खात्यांचे पत्ते तर एकाच धाटणीचे. नुसत्या पत्त्यावरून चेन ओळखता येत नाही.

सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही कापला जातो. मग ब्रिजच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, शेवटचा ताळा कधी जुळला, पोहोचल्यावर शुल्क कोणत्या नाण्यात, हे बटण दाबण्याआधी मराठीत दिसलंच पाहिजे, असा नियम निदान भारतात व्यवसाय करणाऱ्या क्रिप्टो एक्सचेंजना (खरेदी-विक्रीच्या बाजारांना) तरी लावावा. आपणही अर्थविषयक पानावर हा विषय सविस्तर घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुद्रणालय कर्मचारी
जेल रोड, नाशिक रोड