मन्या, त्या मिसळीबद्दल

मन्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तुझे सगळे कॉल दिसले होते, उचलले नाहीत. 7 महिने झाले आणि कारण विचारशील तर धड एकही नाही. तब्येत ठीक, शुगर जरा वर, बास.

झालं असं की रात्री 2 ला अजून जाग येते. आईची कूस बदलायचा अलार्म होता ना, तो डिलीट केला पण अंगातला कोण डिलीट करणार. तर असाच जागा होतो तेव्हा 'वाइल्ड' बघितला, 2014 चा, रीस विदरस्पूनचा. खऱ्या बाईची गोष्ट आहे, शेरिल स्ट्रेड. आई 45 व्या वर्षी कॅन्सरनं जाते, मग हिचं सगळंच घसरतं, नवरा, हेरॉइन, आणि 1995 मध्ये बाई एकटी निघते पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, 1100 मैल. बॅग इतकी जड की पाठीवर घेऊन उठताच येईना, उलट्या पडलेल्या झुरळासारखी तडफड, आणि स्टोव्हला गॅस भलताच आणलेला म्हणून थंड लापशी. तू आठवलास, राजगडला काडेपेटी विसरलेला. (तूच विसरला होतास, परत वाद नको.)

शेवटाकडे रानात एक आजी आणि छोटा नातू भेटतात, सोबत चक्क लामा, आणि ते पोरगं हिला गाणं म्हणून दाखवतं. ते गेले की ही गुडघ्यांवर बसून आईसाठी रडते. मी पण रडलो, लॅपटॉपसमोर, नाक वाहेपर्यंत. आणि मग लाज वाटली, कारण स्वतःच्या आईला मी रडलो नाही रे. वैकुंठ स्मशानात नाही, दहाव्याला नाही. ती गेली त्या रात्री मी 9 तास झोपलो. उठल्यावर पहिला विचार काय, तर आज डायपर आणायचे नाहीत. हे कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही.

मग खूळ घेतलं, आपण पण चालायचं. रविवारी एकटाच कात्रज-सिंहगड. पहाटे जुन्या बोगद्यापाशी उतरलो, म्हटलं एखाद्या टेकडीवर आई आठवेल, मोकळा होईन. कसलं काय! एक उतरली की पुढची उभीच, तिसऱ्या का चौथ्या उतारावर घसाऱ्यावरून बुडावर आपटलो आणि डोक्यात फक्त गुडघे. पाणी काढायला बॅगेच्या बाजूच्या खिशात हात घातला तर स्ट्रॉ निघाली, ती वाकणारी, शहाळ्याची. हॉस्पिटलला न्यायचो तीच बॅग ना. एक टोक दातांनी चपटं झालेलं. ती हातात घेऊन बसलो तिथेच, दगडावर. रडू? नाही. भूक लागली, जाम भूक. गडावर पोचून पिठलं आणि 2 भाकऱ्या, वर 2 मडकी दही, आणि दुसरं मडकं खरवडताना तू दिसलास.

काकांच्या तिसऱ्या दिवशी तू मिसळ खात होतास, तर्री जास्त मागून, आणि मी दारातूनच, सगळ्यांसमोर, "लाज नाही वाटत?" तू काही बोलला नाहीस, पाव मोडत राहिलास. नंतर गणपतीपर्यंत अबोला, आणि वर मीच वाट बघत होतो तू सॉरी म्हणशील म्हणून! 3 वर्षं काकांचं तू एकट्यानं केलंस, दिसत होतं मला, कळत नव्हतं. तुला त्या दिवशी भूक लागली होती, एवढंच ना? का अजून काही होतं? झोप पण लागली होती का अशी? नीट सांग, फोनवर नको, फोनवर तू जोक मारतोस.

बाकी लेकीची बारावी ना यंदा, छळू नका तिला. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना विचारलंय सांग. ती बॅग धुवायला टाक म्हणून ही रोज मागे लागते, अजून दिली नाहीये. दिवाळीत ये, मिसळ माझ्याकडून, तर्री पाहिजे तेवढी.

आणि बुडावर आपटलेलं ग्रुपवर टाकलंस तर बघ.

तुझा,
बंड्या