रांगेतली एकच जागा दोनदा विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : 18 नोव्हेंबर 2025
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
थीम पार्क कार्यालय

विषय : एक्सप्रेस पासची माहिती तिकीट विकताना न देणे, पाटीवर खोटी वेळ दाखवणे आणि ॲपवरचा नंबर रद्द करणे याबाबत

महोदय,

रविवार, 26 ऑक्टोबर रोजी आमच्या घरची नऊ माणसे आपल्या पार्कात आली होती. तिकिटे आधीच आपल्या संकेतस्थळावरून काढली होती. माणशी 1,299 रुपये, एकूण 11,691. यंदाच्या अतिवृष्टीने कपाशीची बोंडे झाडावरच सडली, पण दिवाळीच्या सुट्टीत नेतो असे पोरांना सांगून ठेवले होते, म्हणून रात्रभर गाडी चालवून आलो. सकाळी दार उघडले तेव्हा आम्ही दारातच होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे आपल्याकडून तेच ते उत्तर पुन्हा येणार नाही. एक्सप्रेस पासाचे जास्त पैसे घेऊन कोणाला रांगेत पुढे सोडावे की नाही, हा माझ्या तक्रारीचा विषय नाही. तो आपला धंदा आहे. माझी तक्रार अशी की, आम्हाला विकलेली जागा आपण त्याच दिवशी, आमच्या डोळ्यांसमोर, दुसऱ्यालाही विकली. आणि असे होणार आहे याचा एक शब्दही तिकीट काढताना सांगितला नाही.

मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी पाटी होती : प्रतीक्षा 45 मिनिटे. म्हटले ठीक आहे, पाऊण तास काही जास्त नाही. प्रत्यक्षात सव्वादोन तासांनी बसायला मिळाले. उभ्या उभ्या दुसरे काम नव्हते, म्हणून मी गाड्या मोजल्या. एका गाडीत 24 जागा. साधारण तीन मिनिटांनी एक गाडी सुटते, म्हणजे तासाला 20 गाड्या, 480 माणसे. चढायच्या जागी दोन दारे आहेत. डावीकडच्या दारातून एक्सप्रेस पासवाले येतात, उजवीकडच्या दारातून आम्ही. माणसे मोजायचा क्लिकर घेऊन उभा असलेला आपला मुलगा आधी डावीकडची माणसे बसवतो आणि उरलेल्या जागा आमच्याकडे देतो. दुपारी बहुतेक गाड्यांत डावीकडची 16 माणसे बसत होती आणि आमच्या वाट्याला 8 जागा येत होत्या. म्हणजे आमची रांग तासाला 480 ने नव्हे, 160 ने सरकत होती.

आता पाटीचा हिशेब बघा. 45 मिनिटांत 480 च्या वेगाने 360 माणसे जातात. तीच 360 माणसे 160 च्या वेगाने जायला बरोबर सव्वादोन तास लागतात. आम्हाला तेवढाच वेळ लागला. याचा अर्थ, पाटीवरची वेळ काढताना एक्सप्रेसचे दार जणू बंदच आहे असे धरले जाते. पाटी चुकून मागेपुढे झाली असती तर दहा-वीस मिनिटांचा फरक पडला असता. इथे फरक बरोबर तिपटीचा आहे, आणि गाडीतल्या तीनपैकी दोन जागा विकलेल्या होत्या. हा योगायोग आहे असे आपण म्हणणार असाल, तर त्या दिवशीची राईडची नोंद दाखवावी.

माझ्या पुतण्याने तिथेच विचारले, ''मोठे बाबा, हे तं आपल्या मांगून आले, मंग पुढं काहून चालले?'' त्याला मी काय सांगायचे ते सांगितले. पण गाडी रिकामी नव्हती आणि तिचा वेगही वाढला नव्हता. रांगेचे पैसे घेतले म्हणून रोलर कोस्टरला एकही जागा जास्त फुटत नाही. डावीकडे बसलेले प्रत्येक माणूस उजवीकडच्या एका माणसाला मागे ढकलते. आमच्या 1,299 मध्ये नेमके काय मिळणार हे आपण किती पास विकता यावर ठरते, आणि तो आकडा फक्त आपल्यालाच ठाऊक असतो.

माझ्या धाकट्या भावाने शेवटी दोन पोरांसाठी दोन पास ॲपवरून घेतले. सकाळी दर 999 होता, दुपारी 1,499 झाला होता. विमानाच्या तिकिटासारखे दर वरखाली होतात हे समजू शकतो. पण ॲपवर लाल अक्षरात लिहिले होते, ''फक्त 3 पास शिल्लक''. भावाने त्यातले दोन घेतले. नंतर पान पुन्हा उघडले तर तिथे काय लिहिलेले असावे? ''फक्त 3 पास शिल्लक''. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट सोबत आहेत, वर वेळ दिसते. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ॲप-संकेतस्थळांवरच्या फसव्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ग्राहकाला फसवण्याचे 13 प्रकार दिले आहेत. पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा आहे, आणि तो आपल्या ॲपशी तंतोतंत जुळतो.

आता ॲपवरच्या फुकट रांगेबद्दल. पाण्याच्या नव्या घसरगुंडीला उभे राहायची रांगच नाही. सकाळी अकराला ॲपवर नंबर लावायचा, आपली पाळी आली की संदेश येतो आणि 15 मिनिटांत हजर व्हायचे. कल्पना चांगली आहे. उन्हात उभे राहावे लागत नाही. पण एका मोबाईल क्रमांकावर दोनच माणसे घेतात. आमच्या नऊ जणांत स्मार्टफोन तीन, आईकडे बटनाचा फोन. म्हणजे तीन माणसांना नंबरच लागणार नव्हता. खेड्यातल्या घरात माणशी एक फोन नसतो, हे आपल्या कार्यालयात कोणाला सुचले नाही का? तरी सहा जणांचे नंबर लावले. पाण्याच्या भागात मोबाईल न्यायला आपलीच बंदी आहे. फोन लॉकरमध्ये ठेवा, असा आपलाच फलक आहे. लॉकर एकदा उघडला की पुन्हा बंद करायला नवे पैसे. आम्ही लहान मुलांच्या हौदात असताना पाळीचा संदेश आला तो लॉकरमध्ये. फोन बाहेर काढला तोवर तिन्ही फोनवरचे नंबर रद्द झाले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितले, ''सर, तुम्ही ॲप बघत राहायला पाहिजे होतं.'' कुठे बघत राहायचे, पाण्यात?

त्या मुलीचा दोष नाही, तसेच क्लिकरवाल्या मुलाचाही नाही. दोघेही सकाळपासून उभे होते आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खात होते. हे पत्र वाचून त्यांना बोलावून झापू नये. नियम त्यांनी केलेले नाहीत.

आपल्या व्यवस्थापकांनी मात्र मला दोन उत्तरे दिली, त्यांचा समाचार घेणे भाग आहे. पहिले : ''जगभर असंच असतं.'' फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 1999 साली लांब रांग टाळायचा फास्टपास सुरू झाला, तेव्हा तो तिकिटातच होता. यंत्रातून कागदी चिठ्ठी निघायची, तिच्यावर परत यायची वेळ छापलेली असायची, आणि ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना मिळायची. 2021 मध्ये त्यांनी तो बंद केला आणि त्याच सोयीचे पैसे घ्यायला लागले. म्हणजे जगभर असे 'असतं' नव्हे, 'केलं गेलं'. आणि ज्यांनी केले त्यांना त्याआधी वीस वर्षे फुकट चालवता आले होते.

दुसरे उत्तर : ''साहेब, देवाच्या दारातही पैसे देऊन दर्शन होतं.'' होते. तिरुमलाला 300 रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहे, हे घरून निघण्याआधीच माहीत असते. पण तिथे मागच्या रांगेतल्या माणसाकडून दर्शनाचा एक पैसाही घेतलेला नसतो. आपल्याकडे मागे उभा असलेलाही 1,299 देऊन आलेला आहे. हा फरक व्यवस्थापकांना दिसला नाही, की दिसून बोलायचा नव्हता, ते तेच जाणोत.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोकांचे नंबर लावणे हेच माझे काम. यंदा भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲप आणले, त्यावर नोंदणी करून केंद्रावर यायचा दिवस घ्यावा लागतो. त्याच्याही तक्रारी ढीगभर आहेत. सर्व्हर बसतो, ओटीपी येत नाही, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला तर नंबर असूनही कापसाची गाडी माघारी. पण लांब धाग्याच्या कापसाचा क्विंटलला 8,110 रुपयांचा भाव सगळ्यांना एकच, आणि हजार रुपये जास्त देतो, उद्याचा दिवस द्या, असे त्या ॲपवर म्हणता येत नाही. ज्याच्याकडे फोन नाही तो माझ्याकडे येतो, आधार कार्ड देतो, त्याचा नंबर लागतो. सरकारी यंत्रणेला जे जमते ते 1,299 रुपये घेणाऱ्या कंपनीला का जमू नये?

माझ्या ईमेलला आपल्याकडून आधी आपोआप जाणारे उत्तर आले, मग पुढच्या भेटीवर 20 टक्के सूट देणारे कूपन आले. तेही फक्त कामाच्या दिवसांत आणि 30 दिवसांत वापरायचे. हे दिवस आमच्याकडे वेचणीचे आहेत. मजूर मिळत नाही म्हणून घरची माणसे फडात आहेत. कूपन मी परत करत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. एका राईडच्या तीनपैकी दोन जागा वेगळ्या विकल्या जाणार आहेत, ही माहिती आवश्यक नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? तिकिटाच्या बारीक अक्षरांत आपण लिहिले आहे की, वाद झाल्यास फक्त आपल्या शहरातल्या न्यायालयात यावे. त्याच कायद्याचे कलम 34 मला मी राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू देते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. तो भरायला मला दुसऱ्या कोणाच्या केंद्रावर जावे लागणार नाही.

नऊ तिकिटांच्या रकमेपैकी निम्मी, म्हणजे 5,845 रुपये 50 पैसे, परत मिळावी. भावाने घेतलेल्या दोन पासांचे 2,998 रुपये मी मागत नाही. पास मिळाले, पोरे त्यावर बसली, तो व्यवहार पुरा झाला. पैशांइतकेच महत्त्वाचे असे की, साधे तिकीट विकतानाच त्याच पानावर, पैसे भरायच्या आधी, प्रत्येक राईडच्या किती जागा एक्सप्रेससाठी राखल्या आहेत ते लिहावे आणि त्या आकड्यापेक्षा एकही पास जास्त विकू नये. पाटीवर उजवीकडच्या दाराची खरी वेळ लावावी. ॲपवरच्या रांगेसाठी एक खिडकी ठेवावी, जिथे फोनशिवाय, मनगटावरच्या पट्टीचा क्रमांक सांगून पूर्ण कुटुंबाचा नंबर लावता येईल. आणि पाण्याच्या भागात चालू नंबर दाखवणारा मोठा फलक लावावा. पिकाच्या नुकसानीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, तिथे हे अवघड असायला नको.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि ते मराठीत असावे, कारण घरी आईलाही वाचून दाखवायचे आहे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून मी जिल्हा आयोगात अर्ज दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक
(नाव, मोबाईल क्रमांक व बुकिंग क्रमांक सोबतच्या तिकिटाच्या प्रतीवर आहेत)

सोबत : नऊ तिकिटांची पावती, दोन पासांची पावती, ''फक्त 3 पास शिल्लक'' याचे दोन स्क्रीनशॉट, प्रतीक्षेच्या पाटीचा, वेळ दिसणारा फोटो, नंबर रद्द झाल्याचे तीन संदेश, लॉकरच्या फलकाचा फोटो, न वापरलेले कूपन.