व्हॅक्सिन डेपोतल्या मामांना, मनापासून

मामा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहिताय मला. पण सकाळी आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला येणारी निम्मी टिळकवाडी तुम्हाला ओळखते, त्यामुळं हे पत्र कुणी ना कुणी तुम्हाला वाचून दाखवेलच. परवा समोरासमोर आभार मानायला आले तर "असूंदे असूंदे" म्हणत तुम्ही पुढच्या फेरीला निघून गेलात, मग लिहिण्याशिवाय काय उरलं सांगा.

आधी राग काढून टाकते, कारण तो अजून गेलेला नाही. पळण्यासाठी घड्याळ घ्यायचं ठरवलं तेव्हा गावातल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय, फोन घरी ठेवून पळायचंय, अंतर आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, नीट कळायला पाहिजे, इतकं स्पष्ट सांगितलं. तो सेल्समन माझ्याशी बोलेचना, सगळं आमच्या ह्यांना सांगत होता, पळणार मी आणि विचारणं त्यांना. "मॅडमना गुलाबी पट्टा छान दिसेल सर." जीपीएस आहे का विचारलं तर "आहे आहे, सगळं आहे ह्याच्यात". घरी येऊन बघते तर घड्याळाला स्वतःचा जीपीएस नाहीच, फोन जवळ असला तर त्याचा उसना घेतं आणि फोन नसला की पावलं मोजून अंतराचा अंदाज बांधतं. येळ्ळूरच्या रस्त्याला सपाटीवर ते कसंबसं चालून जायचं, पण राजहंसगडाचा चढ लागला की पाऊल आखूड पडतं आणि सगळा हिशेबच चुकतो. त्यात पावसाळा! आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस, बोटं ओली, स्क्रीन ओली, टच काही केल्या ऐकत नाही, पळणं संपलं तरी घड्याळ थांबवता येत नाही. परत द्यायला गेले तर म्हणे बॉक्स उघडलाय, आता काही होणार नाही.

आणि दुसरा त्रास म्हणजे पल्स. आरामात, गप्पा मारत पळताना सुद्धा ते घड्याळ १७२ दाखवायचं. ओळखीच्या पळणाऱ्यांना विचारलं तर एकानं सांगितलं हार्ट वीक असणार, पळणं बंद करा. दुसरा म्हणाला सगळ्यात महागातलं घ्या, प्रश्नच मिटला. तुम्ही आठवड्यात किती पळता, कुठं पळता, कशासाठी पळता, एवढा साधा प्रश्न एकालाही सुचला नाही मामा. मी पोरांना शिकवणारी बाई, आधी प्रश्न समजून घ्या मग उत्तर लिहा हे रोज सांगते, त्यामुळं मला ते फारच लागलं.

त्या दिवशी मी बाकावर बसून मनगटाकडं बघत होते, चेहरा पडलेला असणार, तर तुम्ही थांबलात. "काय गे पोरी, दुखालंय काय कुठं?" मी १७२ चं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, घाबरवलंही नाहीत. म्हणालात, "चल माझ्यासंगट, सावकाश पळ, आणि अर्धा मिनिट उजवा पाय किती वेळा टेकतोय तेवढं मोज." त्रेचाळीस आले. "आता त्याला चारनं गुण." एकशे बहात्तर! मग थांबवून मानेवर दोन बोटं ठेवायला सांगितलीत, तुमच्या घड्याळावर पंधरा सेकंद लावलेत, छत्तीस ठोके, म्हणजे १४४. "बघ, हे तुझं काळीज मोजत न्हाई, तुझे पाय मोजतंय." मनगटावरचा सेन्सर हिरवा उजेड टाकून कातडीखालचं रक्त बघतो, पट्टा सैल असला, हात हलला की त्याला ठोका आणि पाऊल ह्यातला फरक कळेनासा होतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. हाडाच्या वर एक बोट सोडून बांध, घट्ट बांध, आणि जोरात तुकडे पळायचे असतील, म्हणजे थोडं अंतर जोरात मग दम घेत, त्या दिवशी ठोके मोजणारा छातीचा पट्टा लाव. कित्येक दिवसांची भीती तिथंच उतरली.

पण मामा, मला जे विसरता येणार नाही ते त्याच्या पुढचं.

कुठलं घड्याळ घेऊ विचारलं तर तुम्ही कुठल्या कंपनीचं नाव घेतलं नाहीत. विचारलंत, "कुठवर पळुलीस रोज?" मी सगळं सांगितलं, आठवड्यातले चार दिवस सावकाश, एक दिवस मैदानावर तुकडे, रविवारी लांब. तुम्ही ऐकून घेतलंत, मधे एकदाही तोडलं नाहीत. आणि मग स्वतःच्या हातातलं घड्याळ सोडलंत. खांद्यावरच्या टॉवेलनं आधी त्याची पाठ पुसलीत, मग पट्टा पुसलात, बकलातली घामाची माती नखानं काढलीत, आणि माझ्या हातावर ठेवलंत. "घेऊन जा. तुझ्या रस्त्याला पळून बघ. कशाकडं बघतीस आणि कशाकडं बघत न्हाईस ते तुझं तुलाच कळंल." तुमच्या मनगटावर घड्याळाच्या जागेचा पांढरा पट्टा उमटलेला होता, म्हणजे किती वर्षं ते हातातून निघालं नसेल. मी म्हटलं मामा माझा नंबर तरी लिहून घ्या, पत्ता घ्या. "हितंच पळतीस न्हवं? मग झालं की."

गार्मिनचं फोररनर २५५, काही स्वस्तातली वस्तू नाही ती. ज्या दुकानात मी पैसे मोजले तिथं माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि तुम्हाला माझं नाव सुद्धा माहीत नव्हतं. आपल्या बेळगावात अशी माणसं आहेत म्हणूनच गाव गाव वाटतं, बसमध्ये जागा धरणारी, पत्ता विचारला तर कन्नड असो मराठी असो कोपऱ्यापर्यंत सोडायला येणारी, आणि ह्या गोष्टींची कधी कुठं नोंद होत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. तुमच्या घड्याळात कायकाय आहे, हवेच्या दाबावरून चढ मोजणं आहे, दोन फ्रिक्वेन्सीचा जीपीएस आहे, पण मी बघत होते फक्त पेस, अंतर आणि लॅप. तुम्हाला जांबोटीकडच्या जंगलात, झाडीखालून पळायचं असतं म्हणून तुम्हाला ते सगळं लागतं. मला उघड्या रस्त्यावर आणि मैदानावर काय करायचंय? आणि मैदानावर तर फेरा मोजलेलाच असतो, ४०० मीटरला बटण दाबलं की काम झालं. शेवटी फोररनर ५५ घेतलं, २०२१ चं मॉडेल, पाच बटणं, टच नाही, स्वतःचा जीपीएस, सलग वीस तास चालतो, मला पुरून उरतंय. उरलेल्या पैशात छातीचा पट्टा आला. वय २२० मधून वजा करून घड्याळ ठोक्यांचे जे झोन, म्हणजे सावकाश-जोरात पळण्याचे टप्पे, बनवतं त्यावर डोळे झाकून जाऊ नको, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतोय, हे पण तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून तेही बदलून घेतलं. सावकाश पळायचे दिवस आता खरंच सावकाश जातात, आणि रविवारी घरी आल्यावर दुपारी झोपून राहावं लागत नाही.

कुंद्याचा डबा तुम्ही परत पाठवलात, म्हणालात शुगर आहे. तो शाळेत वाटला तुमच्या नावानं. आता एकच मागणं आहे मामा. आमच्या शाळेच्या मुली तालुक्याच्या स्पर्धेसाठी पळायला लागल्यात, घड्याळं कुणाकडं नाहीत आणि सध्या लागणारही नाहीत, पण मानेवर बोट ठेवून ठोके कसे मोजायचे आणि कधी दमानं घ्यायचं हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला सुटते. कुठला शनिवार जमेल तेवढं सांगा, रिक्षा घेऊन मी स्वतः न्यायला येते, आणि ह्या वेळी "असूंदे" चालणार नाही.

तुमची,
गुलाबी पट्टा परत द्यायला गेलेली मास्तरीण