पणजोबांनी शाळा सोडली नव्हती

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

फोनवर घाईघाईत 'थँक्यू' म्हटलं, ते मलाच फार तोकडं वाटलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत.

आमच्याकडे पणजोबांचा विषय निघाला की एकच वाक्य ठरलेलं: "तळेगावला शिकायला पाठवलं होतं, अर्धवट टाकून आले." मॅट्रिकचा दाखला नाही, काही नाही. गणितात नापास झाले की मलासुद्धा 'पणजोबांवर गेलीस' ऐकावं लागायचं.

तुमच्याकडे आले तेव्हा हातात होती आजीच्या ट्रंकेतली हिरवट काचेची दौत आणि पहिल्या पानावर १९०९ लिहिलेली वही. तुम्ही दौत खिडकीशी नेलीत, रुमालानं पुसलीत, काचेत अडकलेला बुडबुडा दाखवलात. "पैसाफंडाच्या काचकारखान्यातली आहे असं म्हणायला आवडेल, पण म्हणणार नाही." तिथेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

मग चहा गार होईस्तोवर तुम्ही बोलत राहिलात. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर आणि त्यांचं तळेगावचं समर्थ विद्यालय. सरकारी अनुदान नको, सरकारी परीक्षा नको. शिकवायचं मराठीतून आणि जोडीला हाताला उद्योग. (दाखला नसण्याचं कारण इतकं साधं होतं, आणि आम्ही तीन पिढ्या त्यांना नावं ठेवली!) माणशी एकेक पैसा जमवून, म्हणजे पैसाफंडातून, १९०८ साली तळेगावातच उभा राहिलेला काचकारखाना. 'विश्ववृत्त' मासिकात वेदांचे अभ्यासक सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला म्हणून विजापूरकरांना झालेली तीन वर्षांची शिक्षा. आणि १९१० मध्ये सरकारनं विद्यालयच बेकायदा ठरवून बंद पाडलं.

चष्मा काढून तुम्ही म्हणालात, "अगं, त्यांनी कुठली शाळा सोडली? शाळाच उठवली सरकारनं. पोरं जाणार कुठे?"

१९१८ मध्ये तेच विद्यालय 'नवीन समर्थ' म्हणून पुन्हा सुरू झालं, तोवर पणजोबा एका पेढीवर खतावण्या लिहायला लागले होते.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वंशावळीची वही काढली, पणजोबांच्या नावापुढचं 'शिक्षण अपुरे' खोडलं आणि तिथे 'समर्थ विद्यालय, तळेगाव दाभाडे' लिहिलं. त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. दौत मुद्दाम तुमच्याकडे ठेवून आले होते, विसरले नव्हते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दौतवाली