पहिली-दुसरीला टॅब नको, सुताराचे पैसे द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात कुणाच्या घरी लेवा बोली, कुणाच्या घरी पावरी.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मी फरशीवर खडूने पाच बाय पाच चौकटी आखल्या. एका कोपऱ्यात मातीचा बैल, समोरच्या कोपऱ्यात हौद म्हणून करवंटी, मधे विहिरीचा दगड. मुलांच्या हाती पुठ्ठ्याचे बाण: पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. विहीर चुकवून बैल हौदावर न्यायचा. सगळे बाण आधी ओळीने मांडायचे, मगच बैल हलवायचा, एवढाच नियम.

एका मुलीचा बैल थेट विहिरीत गेला. ती बैलामागे जाऊन उभी राहिली, त्याचं तोंड तिकडे आपलं तोंड केलं, जेवायचा हात चाचपला आणि चौथा पुठ्ठा बदलला. मी एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "बाई, चारदा 'पुढे' ठेवण्यापेक्षा एकाच पुठ्ठ्यावर चार लिहू का?" साहेब, प्रोग्रामिंगमधला लूप, म्हणजे एकच आज्ञा ठरावीक वेळा पुन्हा करायला सांगणं, तो हाच! संगणक न पाहिलेल्या पोराला तो आपसूक सुचला.

हे खूळ माझं नाही. 1967 साली गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आलं. वाचता न येणाऱ्या बालकांनाही ते चालवता यावं म्हणून संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1970 च्या दशकात बटणं आणि खाचेत बसवायची कार्डं तयार केली.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात धरलं आहे. त्याला माझी हरकत नाही. पण आज्ञेचा क्रम आणि चूक शोधायची सवय सातव्या वर्षी लागते, आणि ती हातापायांनी लागते. माझ्या आधीच्या शाळेत टॅब आले होते. दोन वर्षांत बॅटऱ्या फुगल्या, कपाटाला कुलूप लागलं. पुठ्ठा फाटला तर मुलं दुपारच्या सुट्टीत नवा कापतात.

प्रत्येक शाळेला गावच्या सुताराकडून लाकडी बाण आणि चौकटीचा पाट करून घेण्यापुरता निधी द्या. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक दिवस आम्हा शिक्षकांना हा खेळ खेळू द्या, खाली बसून. आणि कृपा करून त्याचे फोटो अपलोड करायला सांगू नका. तो वेळ मला वर्गात हवा आहे.

आपली,
दुसरीची वर्गशिक्षिका,
यावल तालुका, जि. जळगाव